वाटी रिकामी होती, पण चिंगी उपाशी होती

आज करिअर, इंटरव्ह्यू, व्हिसा यातलं काहीच नाही. मागच्या एका भागात माझ्या आवाजामागे सारखी खुडखुड येत होती आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं, हा आवाज कसला? तो भुरीचा. भुरी म्हणजे माझी चिंचिला. आज तिच्याबद्दल, आणि खरं तर तिच्या बहिणीबद्दल बोलायचंय. तिचं नाव चिंगी. माझ्याकडून एक चूक झाली, तशी तुमच्याकडून होऊ नये, एवढ्यासाठी हा भाग.

चिंचिला ज्यांनी फक्त रील्समध्ये पाहिली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सशासारखे कान, खारीसारखी शेपटी, आणि अंगावर इतकी दाट मऊ लव की हात लावला तरी बोटाला नीट कळत नाही. मूळची दक्षिण अमेरिकेतली, अँडीज पर्वताची. थंड, कोरडी, उंचावरची जागा. खायला काय, तर राठ गवत, झुडपांची पानं, साली. १९२३ मध्ये मॅथायस चॅपमन नावाच्या एका खाण-इंजिनिअरने चिलीतून अकरा चिंचिला अमेरिकेत आणल्या, त्या फरच्या धंद्यासाठी. इथल्या बहुतेक पाळीव चिंचिला त्यांच्याच वंशातल्या मानल्या जातात. म्हणजे घर बदललं, पण पोट अजून त्या डोंगरातलंच आहे. आजच्या भागातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य समजा.

मी न्यू जर्सीत राहतो. तीन वर्षांपूर्वी टीममधला एक जण दुसऱ्या राज्यात शिफ्ट होत होता. त्याच्याकडे या दोघी बहिणी होत्या. पिंजरा, वाट्या, पाण्याची बाटली सगळं देतो म्हणाला. मी एकटा राहत होतो, घर रिकामं वाटायचं. आणल्या.

आता मी शेतकऱ्याच्या घरातला. कराडजवळ गाव आहे आमचं, आबांकडे दोन म्हशी आणि एक गाय असायची. मला वाटलं, जनावर सांभाळणं रक्तात आहे आपल्या! प्रत्यक्षात मी काय केलं? दुकानातून सगळ्यात रंगीत पाकीट उचललं. त्यात पेलेट्स, सूर्यफुलाच्या बिया, मक्याचे दाणे, सुक्या फळांचे तुकडे. त्यावर परत रोज रात्री दोन-दोन बेदाणे. आई व्हिडिओ कॉलवर म्हणायची, "अरे, किती गोड खातायत, अजून एक दे की." मी द्यायचो. गवत ठेवलेलं होतं, नाही असं नाही. पण समोर मिठाई असताना भाकरी कोण खातंय?

दोन-तीन महिने सगळं मस्त चाललं होतं. सकाळी वाटी भरायची, रात्री वाटी रिकामी. मी खूश. डॅशबोर्ड हिरवा आहे म्हटल्यावर आपण लॉग कशाला उघडतोय?

एका गुरुवारी चिंगी कोपऱ्यात अंग आखडून बसलेली दिसली. म्हटलं, झोपली असेल. शुक्रवारी आमचं रिलीज होतं. शनिवारी सकाळी तिला उचललं तर हातात नुसती लव, आत काहीच नाही असं वाटलं. हनुवटीखालचे केस ओले, लाळ गळत होती. तशीच घेऊन गेलो. असे वेगळे प्राणी बघणाऱ्या डॉक्टर इथून चाळीस मिनिटांवर आहेत. त्यांनी वजन केलं, ४३० ग्रॅम. आधीच्या मालकाच्या कागदावर लिहिलेलं होतं ५५०.

डॉक्टरांनी विचारलं, "खाणं कधी सोडलं हिने?"

मला सांगता आलं नाही. वाटी तर रोज रिकामी व्हायची. दोघींचं खाणं एकटी भुरी संपवत होती.

झालं काय होतं ते नीट सांगतो, कारण ससा किंवा गिनी पिग पाळणाऱ्यांनाही हे लागू आहे. चिंचिलाचे सगळे दात, अगदी दाढासुद्धा, आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजतात कशाने, तर लांब, राठ गवत तासन् तास आडवं चघळून. पेलेट दोन-चार चाव्यांत मोडतं, त्याने दाढा पुरेशा झिजत नाहीत. झिजल्या नाहीत की त्यांना टोकं येतात आणि ती जिभेला, गालाला टोचतात. मग खावंसं वाटतं, पण खाता येत नाही. दातांचा आजार होण्यात अनुवंशिकतेचाही वाटा असतो, पण गवत कमी आणि गोड जास्त दिलं की आपण त्याला मदतच करतो. वरून त्यांचं आतडं सतत चालू लागतं. खाणं थांबलं की आतडं मंदावतं, गॅस धरतो. आणि चिंचिलाला उलटी करता येत नाही. जे आत गेलं ते पुढेच सरकायला हवं.

चिंगीला भूल देऊन दाढा घासल्या. पुढचे दहा दिवस दर चार तासांनी, रात्रीसुद्धा, मी सिरिंजने गवताच्या पिठाची पातळ पेज भरवत होतो. ऑन-कॉल ड्यूटी मी खूप केली आहे मंडळी, पण पहाटे तीनचा असा अलार्म पहिल्यांदाच. एक सांगून ठेवतो, हे सिरिंजचं डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय करू नका. आत अडथळा असेल तर भरवल्याने उलटं होतं.

त्या दिवसांत आबांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हशीला वैरण न टाकता नुसती पेंड घातलीस व्हय रं?"

बस्स. मी चार रात्री इंटरनेटवर वाचत होतो ते एका वाक्यात आलं. गवत म्हणजे वैरण. पेलेट म्हणजे पेंड. वैरणीवर जनावर जगतं, पेंड वरून थोडी.

आता माझ्या घरात काय चालतं ते सांगतो.

गवत चोवीस तास, हवं तेवढं. टिमोथी किंवा त्यासारखं साधं सुकं गवत. अल्फाल्फा नावाने जे मिळतं ते म्हणजे आपला लसूणघास. त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम जास्त, मोठ्या चिंचिलाला रोज नको. गवत हिरवट असावं, वास गोड यावा. कुबट वास आला किंवा बुरशीची पूड उडाली की अख्खी पिशवी बाहेर. आबा भिजलेला कडबा गव्हाणीत टाकत नसत, तोच नियम. घट्ट बंद प्लास्टिकमध्ये ओल धरते, म्हणून मी कापडी पिशवीत ठेवतो. आदल्या दिवशीचं उरलेलं आणि ओलं झालेलं रोज काढतो.

पेलेट्स एका प्राण्याला दिवसाला एक मोठा चमचा, फार तर दोन. सगळे दाणे एकसारखे असलेले साधे पेलेट्स घ्या. बिया, मका, फळं असलेलं रंगीत मिक्स नको, कारण त्या गोड तेवढं वेचून खातात. ब्रँड बदलायचा असेल तर एकदम बदलू नका. जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत दोन आठवडे घ्या. बेदाणे? बंद. आई अजून नाराज आहे.

आता भांडी. गवतासाठी टांगायचे जे तारेचे गोळे मिळतात ते दिसायला छान, पण त्यात डोकं किंवा पाय अडकू शकतो. यांचे पाय काडीसारखे असतात, पटकन मोडतात. दोऱ्याची जाळीही नको. अरुंद फटींची धातूची गव्हाण पिंजऱ्याच्या सळ्यांना घट्ट बसवा, तीही फळीवर बसून आरामात खाता येईल एवढ्या उंचीवर. प्लास्टिक काहीच नको. ते कुरतडतात, तुकडे पोटात जातात आणि आतडं तुंबू शकतं. वाटी चिनी मातीची जड किंवा सळीला अडकवायची स्टीलची. आणि पाण्याच्या बाटलीची गोळी रोज बोटाने दाबून बघा. ती अडकली की पाणी बंद, आणि पाणी बंद झालं की खाणंही कमी होतं.

शेवटचं आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठं म्हणजे वजन. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, त्यावर एक डबा, आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी. प्रत्येकीचं वेगळं. मी शीट ठेवली आहे. पन्नासेक ग्रॅम कमी दिसले की फोन करायचा, वाट बघायची नाही. लेंड्यांवरही लक्ष ठेवा. लहान, कमी किंवा वेड्यावाकड्या झाल्या की काहीतरी बिघडलंय. आणि अर्धा दिवस काही खाल्लं नाही तर ती इमर्जन्सी, मग रिलीज असो नाहीतर काही असो.

बऱ्याच जणांना प्रश्न असेल, भारतात पाळू का? माझं मत, नको. साधारण पंचवीस अंशांच्या वर यांना त्रास व्हायला लागतो, उष्माघाताने जीव जातो. आपल्याकडचा मे महिना डोळ्यासमोर आणा, त्यात लाइट गेलेली. मी इथेही उन्हाळाभर एसी बंद करत नाही. पण तुमच्या घरी ससा किंवा गिनी पिग असेल तर आज उठून बघा, त्याच्यासमोर गवत आहे का? गिनी पिगला सोबत क जीवनसत्त्वही खाण्यातून द्यावं लागतं.

चिंगी त्यानंतर चौदा महिने जगली. दर दोन-तीन महिन्यांनी दाढा घासाव्या लागायच्या, कारण एकदा मुळं बिघडली की दात पहिल्यासारखे होत नाहीत. चांगल्या दिवसांत ती गवताची काडी दोन हातांत बासरीसारखी धरून खायची. शेवटी डॉक्टर म्हणाल्या, आता तिला त्रास देण्यात अर्थ नाही. मी ऐकलं. त्या शीटमध्ये तिचा कॉलम अजून आहे, काढला नाही.

भुरी सात वर्षांची झाली. चिंचिला दहा-पंधरा वर्षं सहज जगतात, म्हणजे अजून बराच प्रवास आहे. आत्ता मागे जी खुडखुड येतेय ना, ती गवताची आहे. तो आवाज मी एडिट करत नाही.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.