थांबण्यासाठी आखलेला रस्ता



रस्ता म्हटला की 'पोहोचायचे कोठे?' हा प्रश्न आधी उभा राहतो. अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यात 1913 साली ज्याचे काम सुरू झाले, त्या कोलंबिया नदीकाठच्या महामार्गाची आखणी करताना मात्र 'थांबायचे कोठे?' हा विचार आधी झाला. कॅस्केड पर्वतरांग भेदून नदीने कोरलेल्या खोल दरीतून हा मार्ग जातो.

त्या दरीत रेल्वे पूर्वीच आली होती. मोटार मात्र तेव्हा नवलाईची वस्तू. इंजिनाला दम कमी आणि ब्रेकचा भरवसा त्याहून कमी. सॅम्युएल लँकेस्टर या अभियंत्याने प्रथम धबधबे, सुळके आणि दरीची विहंगम दर्शने देणाऱ्या जागा हेरल्या आणि मग त्या रस्त्याने जोडल्या. चढ शंभर फुटांना पाच फुटांहून अधिक नसावा आणि वळणे ऐसपैस असावीत, हा त्यांचा दंडक होता. घाटातून जुनी गाडी चढवलेल्या कोणालाही त्याचे मोल सांगावे लागणार नाही. क्राउन पॉइंटच्या कड्यावरून शेकडो फूट खाली उतरताना रस्ता स्वतःभोवती वेटोळी घालतो, पण हा नियम मोडत नाही.

मिचेल पॉइंट येथे तर कड्याच्या पोटातून बोगदा नेला आणि नदीच्या बाजूने त्याला पाच खिडक्या ठेवल्या. स्वित्झर्लंडमधील आक्सेनस्ट्रास मार्गावरील तीन खिडक्यांचा बोगदा त्यासाठी डोळ्यांसमोर होता. निव्वळ वाहतुकीच्या हिशेबात या खिडक्या बसत नाहीत. हिशेबापलीकडची ती दृष्टी होती. लाकडाच्या धंद्यात गबर झालेले सायमन बेन्सन यांनी मल्टनोमाह आणि वाकीना या धबधब्यांची जमीन लोकांसाठी देऊन टाकली. ज्याने आयुष्यभर अरण्ये तोडविली, त्यानेच धबधबे राखावेत, हेही विलक्षणच.

पुढे मोटारींचा वेग वाढला आणि वळणे अडचणीची ठरली. नदीच्या पातळीलगत नवा, सरळ, रुंद महामार्ग झाला. जुन्या रस्त्याचे तुकडे पडले. पाच खिडक्यांचा तो बोगदा 1966 साली नव्या मार्गाच्या रुंदीकरणासाठी सुरुंगाने उडविण्यात आला. तसे करणाऱ्यांना दुष्ट म्हणता येणार नाही; त्यांच्या लेखी रस्ता म्हणजे केवळ अंतर होते.

मोझियर गावाजवळचे जोडबोगदे मात्र दगडमातीने बुजविले गेले, म्हणूनच वाचले. पुढे तो राडारोडा उपसून 2000 साली ते पादचाऱ्यांसाठी व सायकलस्वारांसाठी खुले झाले. 1921 च्या नोव्हेंबरमध्ये बर्फाने वाट अडवलेल्या मोटारप्रवाशांनी आपल्या मुक्कामाच्या तारखा तेथील भिंतीवर कोरल्या होत्या. त्या अजूनही वाचता येतात.