मोटारीचें वेल्डिंग आणि तिची वीज

कांहीं पावसाळे अंगावर घेतलेल्या मोटारीच्या बुडाचा पत्रा गंजतो आणि ती वेल्डिंगसाठीं गॅरेजांत जाते. टाके दोन-चारच मारावयाचे असतात. परंतु कधीं कधीं सांधा पक्का होतो आणि गाडी मात्र सुरू होत नाहीं. झालीच, तर इंजिनाचा इशारा-दिवा विझतां विझत नाहीं. मिस्त्री म्हणतो, "दोष आधींचाच असेल." मालकाला तें पटत नाहीं, आणि खोटें ठरवितांहि येत नाहीं.

घरांत दिव्याकडे दोन तारा जातात. मोटारींत बहुधा एकच. दुसरीचें काम गाडीचा लोखंडी सांगाडा करतो, कारण बॅटरीचें ऋण अग्र त्यालाच जोडलेलें असतें. म्हणजे वेल्डर ज्या पत्र्यावर सळई टेकवितो, तो विजेच्या मंडलाचाच भाग होय.

वेल्डिंगचा प्रवाह पन्नास ते दीडशे अँपिअर, कधीं अधिकहि असतो. नियंत्रण-पेटींतील नाजूक मंडलें पांच व्होल्टांवर किंवा त्याहून कमी दाबावर चालतात. यंत्रांतून निघालेल्या प्रवाहाला यंत्राकडे परतावेंच लागतें, आणि त्याची परतीची वाट अर्थच्या पकडीनें ठरते. काम मागच्या चाकापाशीं आणि पकड पुढच्या बाजूस, असें झालें कीं सारा सांगाडा त्या वाटेवर येतो. मधला एखादा सांधा गंजलेला असला तर प्रवाह बारीक तारांत शिरतो, चाकाच्या बेअरिंगांतूनहि जातो. तेथें ठिणग्यांनीं गोळ्यांवर खड्डे पडतात. आल्टर्नेटरमधील डायोडहि अशा झटक्यांनीं जळूं शकतात.

तेव्हां बॅटरी सोडविली कीं झालें, ही समजूत अपुरी आहे. ती सोडवावीच, पकड दूर राहिली तर मात्र प्रवाह त्याच तारांतून जाऊं शकतो. पकड टाक्यापासून वीतभर अंतरावर, शक्यतों त्याच तुकड्यावर आणि रंग खरवडून उघड्या केलेल्या धातूवर लावावी. रंगावर लावलेली पकड न लावल्यासारखीच. टाका जवळ असेल तर नियंत्रण-पेटीचे जोडहि सोडवावे.

बॅटरीचें ऋण अग्र प्रथम सुटतें. धन अग्रावरील पाना सांगाड्याला टेकला तर ठिणगी उडते, आणि बॅटरीभोवतीं हायड्रोजन वायु असूं शकतो. जोडतांना क्रम उलटा.

एअरबॅगची गोष्ट मात्र माणसाच्या जिवाशीं आहे. चालकापुढील एअरबॅग भारतांतील नव्या मोटारींत १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. अल्पशा विद्युत्प्रवाहानें ती फुटते, आणि बॅटरी सुटल्यावरहि तिच्या मंडलांत कांहीं काळ वीज साठलेली राहते. म्हणून निर्मात्याच्या पुस्तकांत सांगितलेलीं मिनिटें थांबावयाचेंच असतें, वेल्डर कितीहि घाईंत असो.

डायनामो आणि कार्ब्युरेटर यांच्या जुन्या गाडींत असें जळण्यासारखें फारसें नव्हतें. हात तिच्यावर तयार झालेल्या कारागिरांची बेफिकिरी त्यामुळें समजण्याजोगी आहे. १ एप्रिल २०२० रोजीं भारत स्टेज सहा हें मानक देशभर लागू झाल्यापासून बहुतेक नव्या दुचाकींतहि नियंत्रण-पेटी आली. तेव्हां स्कूटरचा तुटलेला स्टँड जोडण्यास देतांनाहि पकड कोठें लावणार, हें मिस्त्रीला विचारण्यास संकोच वाटूं नये.

विजेवर चालणाऱ्या मोटारींचें प्रकरण निराळें. त्यांच्या मोठ्या बॅटरींत शेंकडो व्होल्टांचा दाब असतो. प्रशिक्षित माणसानें तो तोडून दिल्याशिवाय त्यांच्यावर सळई टेकवावयाची नसते.