बी राखणाऱ्यांचा हक्क



चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावी दादाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी होऊन गेले. १९८३ साली ‘पटेल ३’ धानात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या त्यांनी निराळ्या राखल्या आणि वर्षानुवर्षे निवडून वाढविल्या. त्यातून ‘एचएमटी’ हा वाण जन्मला व दूरवर पसरला. दादाजी मात्र २०१८ साली गेले ते गरिबीतच.

जे धानाचे, तेच परसातील भाजीचे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या आयाबाया वाल, दोडका, भोपळा यांचे उत्तम फळ वेलीवरच पिकू देतात, बी वाळवून राखेत जपतात. ही निवड म्हणजे संशोधनच होय. संकरित वाणाची दुसरी पिढी पहिलीसारखी निपजत नाही. म्हणून दरसाल दुकानाची पायरी चढावी लागते.

२००१ च्या कायद्याचे कलम ३९ शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा व विकण्याचा हक्क देते. संरक्षित वाण छाप लावून विकू नये, एवढीच मर्यादा. परंतु वाण कोणी जपला याची नोंद नसेल, तर श्रेय नाकारणे सोपे जाते. म्हणून कार्यकर्त्यांनी मृगापूर्वी गावोगाव वाणांची व ते राखणाऱ्या स्त्रियांची नावनिशीवार नोंद करावी आणि बियाण्यांच्या अदलाबदलीचा दिवस ठरवावा. दादाजींचे ऋण फेडण्याचा हाच मार्ग आहे.