हे तुला कोणी सांगितले?
(ट्रस्टच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



आपल्या शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या कॉलेजच्या मुलांसाठी ग्रंथालयात संदर्भ कसे द्यावेत याची कार्यशाळा पुढे चालवावी की बंद करावी, यावर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. मी शाळामास्तर. पण आपली मुले माझ्याच वर्गातून तिकडे जातात आणि अडली म्हणजे परत येतात, तेवढ्याच अधिकारावर बोलतो.

गेल्या वर्षी अशीच एक मुलगी आली. घराण्यात कॉलेजात गेलेली ती पहिलीच. तिचा प्रकल्प ‘नक्कल’ असा शेरा मारून परत केला होता. मजकूर चार पुस्तकांतून उतरविलेला होता, हे खरे. पण ती पुस्तके तिने आठ-आठ दिवस बसून वाचली होती. ग्रंथकाराचे नाव खाली द्यावयाचे असते, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. शाळेत दहा वर्षे पुस्तकातले उत्तर जसेच्या तसे लिहिले की पैकीच्या पैकी गुण. कॉलेजात तेच वाक्य चोरी ठरते! गुण गेले म्हणून ती रडत नव्हती, चोर म्हटले म्हणून रडत होती.

पुढे प्रबंध लिहिणाऱ्यांना तर कायदाच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य माफ. साठांच्या वर गेले तर नोंदणीच रद्द. मात्र आधार दाखवून घेतलेले अवतरण त्या साम्यात मोजत नाहीत. म्हणजे नाव लिहिणे हे ओझे नव्हे, ते विद्यार्थ्याचे संरक्षण आहे.

असे असून आपल्या मागील वर्गाला मुले का टिकली नाहीत? दोन तास त्यांना स्वल्पविराम कोठे, कंस कोठे, वर्ष आधी की नाव आधी, हेच सांगितले गेले. ते तर छापील नमुना समोर ठेवून कोणीही लिहील. जेवणाआधी भांडी घासावयास बसविल्यासारखे ते झाले.

मी कोड्यापासून सुरुवात करीन. पालकात लोह फार असते, (भाजीबद्दल बोलतो आहे, आपणाबद्दल नव्हे!) हा समज एका जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या आकड्यातील दशांशचिन्ह सरकल्याने पसरला, ही गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. ती सांगावी आणि मुलांना विचारावे, हे कोणी सांगितले? शोधत गेले की पुस्तकामागून पुस्तक, लेखामागून लेख, आणि शेवटी 1981 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हॅम्ब्लिन यांनी लिहिलेला लेख हाती येतो. त्यांनी त्या ठिकाणी आधार दिलेलाच नाही! 2010 साली माइक सटन यांनी मागोवा घेतला, तेव्हा त्या दशांशचिन्हाच्या गोष्टीला पुरावा सापडला नाही. चित्रकथेतला पोपायसुद्धा 1932 साली पालक खात होता तो ‘अ’ जीवनसत्त्वासाठी. चूक उघड करणारी गोष्टच निराधार, आणि विद्वानांनी एकमेकांच्या भरवशावर ती लिहिली. हे मुलांना स्वतः सापडले पाहिजे. चौघांचा गट करावा, कपाटे मोकळी करावीत, संगणकही द्यावा, आणि ग्रंथपालांनी तासभर गप्प बसावे. (हे शेवटचे सर्वांत कठीण!)

दुसरा खेळ चॅटबॉटचा. मुले तो वापरतात. नको म्हणून काही होत नाही. त्याच्याकडून एखाद्या विषयावर दहा पुस्तकांची यादी घ्यावी आणि प्रत्येक पुस्तक शोधून काढावयास सांगावे. लेखक खरा, प्रकाशक खरा, पण ग्रंथ कधी छापलाच नाही, असाही नमुना हाती येतो. 2023 साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी अशाच यंत्राने रचलेले, कधी न झालेले निकाल दाखल केले आणि पाच हजार डॉलर दंड भरला. ही हकीकत सांगितल्यावर वर्गाला जांभई येत नाही.

हे सारे परदेशी आहे असे कोणी म्हणू नये. हदीस सांगताना आधी ‘अमक्याने अमक्याकडून ऐकले’ ही नावांची साखळी सांगतात, तिला इस्नाद म्हणतात. त्यातील एकेक माणूस विश्वासू होता की नाही, हे पारखण्याचे स्वतंत्र शास्त्र आहे. राजवाड्यांनी 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापली, ती मूळ कागद पाहिल्याशिवाय इतिहास लिहू नये म्हणूनच. आणि आपण तर वडोदऱ्याचे! सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेहून बोर्डन यांना आणून खेड्यापाड्यांत ग्रंथालये पोचविली, 1911 साली ग्रंथपालांचा वर्ग उघडला. त्या गावात मुलांना पुस्तकाचा माग काढता येऊ नये?

माझे मागणे थोडके आहे. एका वेळी वीसच मुले घ्यावीत, चार रविवार द्यावेत. पहिले तीन रविवार शोधाचे. चौथ्या रविवारी प्रत्येकाने स्वतःचा प्रकल्प आणावा व शेजाऱ्याने त्यातील एक आधार कपाटातून काढून पडताळावा. स्वल्पविराम त्याच दिवशी, अर्ध्या तासात. ज्या मुलीविषयी बोललो ती या वर्गात मदतनीस म्हणून यावयास तयार आहे. तिला जाण्यायेण्याचे भाडे आणि सर्वांना चहा, एवढाच खर्च मंजूर व्हावा. आणि आई-वडिलांना एक विनंती : पालकाच्या कोड्याचे उत्तर पहिल्या रविवारपर्यंत घरी फोडू नये.