एका श्वासात किती अंक?



आज घाटकोपर स्टेशनचा जिना मी कठड्याला धरून चढले. शाळेत असताना दोन-दोन पायऱ्या गाळत पळायचो तोच जिना. संयोजक म्हणाले, आजारपणावर बोल. बोलते.

लग्नानंतर मी पुण्याला, धायरीत. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड, किरकटवाडी, धायरी या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे गिलाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. त्यातली मी एक. आधी जुलाब झाले, थांबले, मी विसरलेही. आठवड्याने तळपायांना मुंग्या आल्या. थंडीमुळे असेल म्हणून तेल चोळत बसले, हा माझा शहाणपणा! तिसऱ्या दिवशी पायातली चप्पल निसटलेली कळेना. पाचव्या दिवशी तांब्या हातातून पडला.

डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं. पोटात शिरलेल्या जंतूशी लढायला शरीर शिपाई तयार करतं. कॅम्पिलोबॅक्टर नावाच्या जंतूचा काही भाग आपल्या नसांवरच्या घटकासारखाच दिसतो. शिपाई फसतात आणि आपल्याच नसा सोलतात. वायरचं आवरण गेल्यासारखं. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, तरी शेजारणी दारातूनच विचारपूस करून जायच्या.

पाच दिवस शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिलं. ह्यांनी एफडी मोडली. आपल्या बॅचनेही पैसे पाठवले; कोणी किती दिले, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

नर्स दर काही तासांनी म्हणायची, "ताई, एका श्वासात अंक मोजा." छातीचे स्नायू किती टिकलेत, ते त्यावरून कळतं. पहिल्या दिवशी एकतीसपर्यंत गेले. तिसऱ्या रात्री चौदाला अडले. हे खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. व्हेंटिलेटर पलंगाशेजारी आणून ठेवला होता. मी डोळे मिटून आपल्या वर्गाची हजेरी म्हणत राहिले, आडनावांसकट. सकाळी पुन्हा चौदाच. पण कमी नाही! त्याच्या दुसऱ्या दिवशी सतरा.

व्हेंटिलेटर लागला नाही. शेजारच्या खाटेवरच्या मुलाला लागला.

आतून तुटलेली नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते म्हणे. कमरेपासून अंगठ्यापर्यंत हिशेब तुम्हीच करा, माझं गणित तुम्हाला ठाऊक आहे. तळवे अजून बधिर आहेत. चढण्यापेक्षा उतरणं अवघड जातं, पायरी कुठे संपते ते पायाला कळत नाही. तेव्हा जेवणानंतर स्टेशनपर्यंत कोणीतरी सोबत या. पिशवी मीच धरीन.