तिकिटावरची दमयंती
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपण वणीत शिकत होतो तेव्हा मोठ्या चित्रकारांची चित्रं पाहायची कुठं? मला ती पाकिटांवरच्या तिकिटांत सापडली. आज त्यांतल्या एकाबद्दलच बोलतो.

२९ एप्रिल १९७१ रोजी, राजा रविवर्मांच्या जन्मदिनी, डाक खात्यानं त्यांच्या नावाचं वीस पैशांचं तिकीट काढलं. त्यावर चित्रकार आणि शेजारी त्यांची ‘हंस-दमयंती’. मूळ तैलचित्र १८९९ चं, तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा कलादालनातलं. त्यातले रंग या एकरंगी तिकिटात नाहीत. पण हंसाचं बोलणं ऐकत उभी असलेली दमयंती भिंगाखाली छान दिसते.

रविवर्मांना हे वावगं वाटलं नसतं. त्यांनी स्वतःच १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापील चित्रांतूनच लक्ष्मी-सरस्वती आपल्या आज्यांच्या देवघरात आल्या. जाणकार नाकं मुरडतात, मुरडू द्या.

आणि दमयंती कोणाची? विदर्भराजा भीमाची लेक, कुंडिनपूरची. ते म्हणजे अमरावती जिल्ह्यातलं, वर्धेकाठचं कौंडण्यपूर असं मानतात. तीच वर्धा पुढे आपल्या तालुक्याची शीव धरून वाहते. रुक्मिणी तिथली, हे आपल्याला लहानपणीच ठाऊक होतं. दमयंतीही तिथलीच, हे मला या तिकिटामुळे शोधावं लागलं. केरळच्या चित्रकारानं रंगवलेली आपल्या नदीकाठची पोर पाकिटावर बसून घरी आली, तीही निरोप्या हंसासकट! हंस म्हणजे त्या काळचा पोस्टमनच की.

माझ्याकडच्या तिकिटावर शिक्का चेहरा चुकवून पदरावर पडलाय. थोरल्या ताईचं लग्नानंतरचं पहिलं पत्र या तिकिटानं आलं. आईनं ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. पत्र आता नाही, पाकीटही नाही. बाजारात कोऱ्या तिकिटाला मान जास्त, पण मी हे बदलून द्यायचो नाही.

हा अल्बम मी आज शाळेला देतोय. विनंती एकच, तो कपाटात कुलूपबंद ठेवू नका. आताच्या मुलांच्या घरी पत्रं येत नाहीत. चित्रकलेच्या तासाला तो त्यांच्या हाती द्या. जमलं तर एखादी सहल कौंडण्यपूरला न्या.

चहाच्या वेळी अल्बम मधल्या टेबलावर ठेवतो. भिंग आणि चिमटा सोबत आहे. फक्त ओल्या हातानं पानं उलटू नका.