वाट दिसते, पण गाडीला परवानगी आहे का?

(स्वयंसेवकांच्या तयारी-बैठकीतील भाषण)



पावसाळा संपला की आपल्या जीपगाड्या पुन्हा मेळघाटाकडे निघतील. औषधे, चादरी, वह्या यांची यादी आपण दोनदा तपासतो. रस्ता मात्र आपण फक्त मोबाइलवर पाहतो. आज त्याविषयी बोलायचे आहे, कारण चूक माझ्याच हातून झाली आहे.

दोन वर्षांपूर्वी एका कोरकू गावी आरोग्य शिबिराला जाताना नकाशात जंगलातून जवळची वाट दिसली. वाटेच्या तोंडाशी आडवा बांबू बांधला होता. तिथे गुरे राखणाऱ्या एका दादांना मी विनंती केली. दवाखान्याची माणसे आहेत म्हणून त्यांनी बांबू सोडला. शिबिर छान झाले. परतताना वनरक्षकाने गाडी अडवली. आम्ही दंड भरला आणि घरी आलो. पण बांबू कोणी सोडला, याची चौकशी गावात सुरूच राहिली. दोन दिवसांची मजुरी बुडवून त्या दादांना कार्यालयात जावे लागले. मला हे महिन्याने कळले. भेटायला गेलो तेव्हा ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "भाऊ, मला वाटलं तुम्ही विचारून आला असाल."

मंडळी, नकाशात वाट असते, हक्क नसतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 27 प्रमाणे अभयारण्यातून जाणाऱ्या सार्वजनिक हमरस्त्याने कोणालाही जाता येते. तो सोडून आत वळायचे तर आपल्यासारख्या बाहेरच्यांना परवाना लागतो. तो कोणत्या कारणांसाठी मिळू शकतो हे कलम 28 सांगते, आणि आत राहणाऱ्या लोकांशी असलेले कायदेशीर काम हे त्यांपैकी एक कारण आहे. म्हणजे आपल्याला दार बंद नाही. आपण ते ठोठावलेच नव्हते. अभयारण्याबाहेरच्या राखीव वनातही 1927 च्या वन कायद्याप्रमाणे विनापरवाना शिरणे गुन्हा ठरतो. 2006 च्या वनहक्क कायद्याने मिळालेले हक्क गावकऱ्यांचे आहेत. आपल्या जीपला ते आपोआप लागू होत नाहीत.

म्हणून निघण्यापूर्वी चार गोष्टी विचारा. रस्ता कोणाचा: सार्वजनिक बांधकाम विभागाचा, जिल्हा परिषदेचा, वन विभागाचा की कोणाच्या शेतातला? तो गाडीचा आहे की पायी जाण्याचा? तलाठ्याकडच्या गाव नकाशात गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी आणि पायमार्ग एका तुटक रेषेने दाखवलेला असतो. रात्री किंवा पावसाळ्यात तो बंद असतो का? आणि सरपंच, ग्रामसभा यांना आपण येणार हे ठाऊक आहे का? परवानगी लेखी घ्या. तीत तारीख, गाडीचा क्रमांक आणि माणसांची नावे असू द्या. एक प्रत गाडीत ठेवा.

गणना पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात मोशे अदोमाच्या राजाकडे जासूद पाठवतो. आम्ही राजमार्गानेच जाऊ, शेतात किंवा द्राक्षमळ्यात शिरणार नाही, पाणी प्यालो तर मोल देऊ, असा त्याचा निरोप असतो. राजा नकार देतो. देवाचे लोक असूनही इस्राएल लोक दुसऱ्या वाटेने वळतात.

गेल्या वर्षी आम्ही त्याच जंगलवाटेसाठी रीतसर अर्ज केला. तो नामंजूर झाला. लांबच्या रस्त्याने गेलो आणि दोन तास उशिरा पोहोचलो. लोक झाडाखाली थांबले होते. औषधांची खोकी उतरवायला तेच दादा पुढे आले. या खेपेला त्यांच्यावर कोणाचे बोट नव्हते.

आपण शिबिर आटोपून परततो. मागे राहणाऱ्याला तिथेच राहायचे असते. म्हणून या वर्षी एवढे ठरवू या: परवानगीचा कागद हातात आल्याशिवाय गाडीची किल्ली फिरवायची नाही.

प्रभू आपला प्रवास सुखरूप करो.